सरड्याची धाव, डुकराची धाव

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण ज्या कुणी काढली, त्या गृहस्थाने आयुष्यात सरड्याखेरीज दुसरा प्राणी पाहिलेला नसावा. निदान आमच्या मालवणकडे तरी तो कधी आलेला नव्हता, हे मी पैजेवर सांगतो. आमच्याकडे रानडुकराची धाव कुंपणाखालून जाते, केलड्याची कुंपणावरून जाते आणि गवा मनात आणील तर कुंपण बरोबर घेऊनच जातो. असं असूनही, परसात एखादं जनावर शिरलं म्हटल्याबरोबर सल्ला देणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णव माणसं एकच मंत्र म्हणतात : "कुंपण घाला!" उरलेला एक कुंपणाचं सामान विकणारा असतो. तो काही म्हणत नाही, नुसती टेप काढून माप घ्यायला लागतो.

माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना माझ्याशी भांडायचं असेल त्यांना शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. घराच्या परसाला एकट्याने घातलेलं कुंपण हा जनावरावरचा इलाज नव्हे, तो शेजाऱ्यावरचा हल्ला आहे. आता खुशाल भांडा.

परसू म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. तुमच्याकडे खिडकीला टांगलेल्या कुंडीत तुळस आणि ओवा असला की त्याला 'किचन गार्डन' म्हणतात. आमच्याकडे घराच्या मागल्या दारी आठ-दहा माड, चार पोफळी, एखादा फणस, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, केळीचं बन, मिरच्या, भेंडी, तांबडी भाजी आणि मांडवावर पडवळ-दोडकी, एवढा सगळा संसार असतो. सोलकढीपासून तिसऱ्यांच्या एकशिपीपर्यंत घरात जे जे शिजतं, त्यातलं मासे, मीठ आणि तांदूळ सोडलं तर बाकीचं या मागल्या दारातून येतं. थोडक्यात, परसू ही कोकणी बाईची बँक. या बँकेवर हल्ली दिवसातून चार वेळा दरोडा पडतो.

दरोडेखोर अगदी शिस्तीचे आहेत. सकाळी चहाच्या वेळेला केलडी येतात. केलडी म्हणजे लाल तोंडाची माकडं. त्यांना आडसर, म्हणजे तुमचं शहाळं, फार आवडतं. एक फळ तोडायचं, दोन घोट प्यायचे, टाकून द्यायचं आणि दुसरं तोडायचं, ही त्यांची पद्धत. दुपारी काळ्या तोंडाचे वानर येतात. हे जरा पोक्त. पपईची फुलं, शेवग्याचा पाला, पडवळाचे कोंब असं हलकंफुलकं जेवतात, पण कौलांवरून चालत येतात, त्यामुळे जेवण त्यांचं आणि कौलांचं बिल आपलं. संध्याकाळी मोर. तो राष्ट्रीय पक्षी असल्यामुळे मिरचीची रोपं खाताना त्याला 'हुश्श' म्हणतानासुद्धा आपण आधी सावधान उभे राहतो. रात्री वटवाघळं केळीच्या लोंगराकडे आणि डुकरं सुरणाकडे. पहाटे साळिंदर येऊन मुलासारख्या वाढवलेल्या माडाच्या रोपाचा गाभा कुरतडून जातं आणि आठवण म्हणून एक काटा ठेवून जातं. हत्ती तेवढा आमच्या किनाऱ्यापर्यंत आलेला नाही. तो २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गात उतरला. तिकडच्या बागायतदारांसमोर आम्ही आमच्या भेंडीचं रडगाणं गात नाही, एवढा विवेक आमच्यात अजून शिल्लक आहे.

आता सल्लागारांकडे वळू. माझा मेहुणा डोंबिवलीला असतो. दर मे महिन्यात तो आंबे खायला येतो आणि जाताना एक सल्ला ठेवून जातो. "भावोजी, सरळ कंपाउंड घाला. सहा फुटी चिऱ्याची भिंत. विषय संपला." विषय असा संपत नाही. चिऱ्याची भिंत ही डुकराला अडवते हे खरं, पण केलड्यांना ती प्रेक्षागृह म्हणून फार पसंत पडते. पूर्वी ती बिचारी फणसावर अवघडून बसत. आता भिंतीवर ओळीने बसून, पाय खाली सोडून, कोणत्या माडावर आधी जायचं याची चर्चा करतात. भिंत आठ फूट केली तर त्यांना गॅलरीची जागा मिळते, इतकंच.

मग तारेची जाळी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा वाहतो. या दोघांच्या मध्ये सापडलेल्या तारेचं काय होतं ते आमच्या दारावरच्या कडीला विचारा. जाळी गंजायला लागली की डुक्कर खालून नाक घालतं. डुकराचं नाक हे नाक नाही, पहार आहे. तो जाळी वर उचलतो आणि मागच्या पाच-सहा पिल्लांना "या, बाळांनो" म्हणतो. जाळीची किंमत एक पावसाळा जुनी होईपर्यंत पिल्लं मोठी होऊन स्वतःची जाळी स्वतः उचलायला लागतात.

तिसरं आणि सध्या सर्वांत मानाचं कुंपण म्हणजे सौर कुंपण, उर्फ झटका मशीन. याच्या विक्रेत्याने माझ्या ओटीवर बसून दोन कप चहा घेतला आणि सांगितलं, "काका, एकदा झटका बसला की जनावर आयुष्यात परत येत नाही." मी म्हटलं, "आणि माणूस?" तो म्हणाला, "माणसाला काही होत नाही." ते मला आवडलं नाही, कारण आमच्या वाडीत एक-दोन माणसांना थोडं काही व्हावं अशी माझी इच्छा होती. पण यंत्राची गंमत खरी आहे. सेकंदा-सव्वा सेकंदाने तारेतून हजारो व्होल्टांचा, पण क्षणभराचा ठोका जातो. जीव जात नाही, धडा मिळतो. उन्हाळ्यात, मोकळ्या रानात, डुकरासमोर हे यंत्र चांगलं काम करतं. यात मी खोटं बोलणार नाही.

अडचण अशी आहे की आमच्याकडे पावसाळा नावाचा ऋतू असतो. जुलै महिन्यात आमचं गवत आठवड्यात वीतभर वाढतं आणि खालच्या तारेला हात लावतं. तारेला गवत लागलं की झटका डुकराकडे न जाता गवतावाटे जमिनीत जातो. म्हणजे आपण काढलेल्या कर्जाचा झटका आपल्याच गवताला. त्यात सूर्य आठ-आठ दिवस ढगांतून बाहेर येत नाही, बॅटरी मान टाकते, आणि नेमकी तीच वेळ परसात भाजी उभी असण्याची. केलड्यांचं तर याहून सोपं आहे. झटका बसायला एकाच वेळी तार आणि जमीन दोन्ही अंगाला लागावी लागतात, हे आम्ही शाळेत शिकलो. केलडी न शिकता जाणतात. फणसावरून माडावर आणि माडावरून आंब्यावर जाणाऱ्याला जमिनीशी काय कर्तव्य? विजेच्या तारेवर कावळा निवांत बसलेला तुम्ही पाहिला आहेच.

याशिवाय घरगुती कुंपणं आहेत. आमच्या हिच्या तीन जुन्या साड्या भेंडीभोवती बांधून झाल्या. डुकरं रंगाला बुजतात म्हणे. आठ दिवस बुजली. नवव्या दिवशी त्यांतल्या मोरपंखी साडीला मधोमध भोक पडलं. ते डुकराने पाडलं यापेक्षा, ती साडी तिच्या माहेरची होती, या मुद्द्यावर आमच्या घरात जास्त चर्चा झाली. किनाऱ्यालगतच्या गावांतून रापणीची जुनी जाळी भाजीभोवती लावतात. मासे धरणारं जाळं सगळंच धरतं. आमच्या शेजारच्या वाडीत त्यात एक धामण अडकून मेली. सापांचं काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी पुढल्या महिन्यात त्याच घरातले उंदीर मोजायला यावं.

कुंपणावर माझा एवढा राग का, असं तुम्ही विचाराल. कुंपणाचा इतिहास चाळा, मग तुम्हालाही येईल. सर्वांत मोठं काटेरी कुंपण घालण्याचा मान आपल्याच देशाकडे जातो. इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि बिनकराचं मीठ पलीकडे जाऊ नये म्हणून मुलखाच्या मधोमध जकातीची रेघ ओढली. त्या रेघेवर शेकडो मैल जिवंत वई वाढवली. बाभूळ, निवडुंग, शेर आणि आमचं लाडकं करवंद! दहा-बारा फूट उंच, आणि तितकीच रुंद. या वईची निगा राखणारे एक अधिकारी होते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच. १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब. १८६७ ते १८७० ते या जकात खात्याचे आयुक्त होते. म्हणजे देशाला एकत्र आणण्यापूर्वी साहेबांनी त्याला कुंपण घालून पाहिलं होतं.

तर त्या वईला वाळवी लागली, उंदीर लागले, वणवे लागले, वादळांनी ती आडवी केली. आणि ती राखायला माणसं किती होती? १८६९ च्या सुमारास त्या संबंध जकातरेषेवर जवळजवळ बारा हजार! बारा हजार माणसं पहाऱ्याला उभी केल्यावर मीठ अडवायला करवंदीच्या जाळीची गरज होती की नाही, हा मला पडलेला प्रश्न सरकारलाही पडला असावा, कारण १८७९ मध्ये ती रेघच मोडीत काढली. ऑस्ट्रेलियात सशांनी उच्छाद मांडला तेव्हा पश्चिमेकडल्या लोकांनी १९०१ साली कुंपण घालायला घेतलं. १९०७ मध्ये ते पुरं झालं. सुमारे अठराशे किलोमीटर सरळ, अखंड, देखणं. फक्त काम चालू असतानाच ससे पलीकडे जाऊन पोचले होते. मग त्या सशांसाठी आणखी पश्चिमेला दुसरं कुंपण घातलं. या दोन गोष्टींतून मला एवढंच कळलं, की कुंपण काही राखत नाही. राखतो तो माणूस. कुंपण फक्त माणसाला टेकायला बरं पडतं.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. अडवलेलं डुक्कर जातं कुठे? कुंपणवाल्यांच्या पोथीत या प्रश्नाचं पान फाटलेलं आहे. त्यांच्या मते भिंत पाहिल्यावर डुक्कर खिन्न होऊन संन्यास घेतं. प्रत्यक्षात ते चार पावलं डावीकडे वळतं. त्याला भूक तेवढीच असते, पिल्लं तेवढीच असतात आणि रात्र अजून बरीच बाकी असते.

आमची वाडी कट्ट्याच्या अलीकडे आहे. अकरा घरं. त्यांतली सहा बंद, ती गणपतीला उघडतात. चार वर्षांपूर्वी वाडीच्या वरच्या अंगाची तीन जमिनीची तुकडे मुंबईच्या एका सद्गृहस्थांनी घेतली, त्यांची एक केली आणि भोवती सात फुटी चिऱ्याची भिंत उभी केली. आत एक बंगला, चाळीस कलमं आणि दिव्यांची रोषणाई. गृहस्थ वर्षातून नऊ दिवस येतात. मी मोजले आहेत, मला दुसरा उद्योग नाही. त्या जमिनीतून एक जुनी पाणंद जायची आणि कडेने व्हाळ. डुकरांची येण्याजाण्याची वाट तीच होती. रानातून यायची, व्हाळात लोळायची, पडीक जागेतली मुळं उकरायची आणि उजाडायच्या आत परत. भिंत झाल्यावर ती वाट बंद झाली, आणि डुकरांनी नवी वाट शोधली ती थेट आमच्या काकीच्या परसातून.

काकी म्हणजे माझी सख्खी काकी नव्हे, सबंध वाडीची काकी. वय शहात्तर. मुलगा मुंबईला, महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतो, नाही असं नाही. पण काकी भेंडी, मिरच्या आणि तांबड्या भाजीच्या जुड्या घेऊन बाजारच्या दिवशी बसायची. त्यातून येणारे दोन-चारशे रुपये हे तिचे स्वतःचे. नातवाच्या हातावर ठेवायचे पैसे मुलाच्या मनीऑर्डरीतले असून चालत नाहीत, हे तुम्हाला एखाद्या आजीने सांगितलं असेलच. गेल्या पावसाळ्यात तीन रात्रींत तिचं सगळं परसू नांगरून झालं. चौथ्या दिवशी काकी त्या बंगल्याच्या फाटकाशी गेली. साहेब नेमके त्या नऊ दिवसांत होते. काकी म्हणाली, "साहेबा, तुमचां कुंपाण माझ्या भेंड्यांच्या मुळार इलां." साहेब म्हणाले, "आजी, भिंत माझ्या जागेत आहे." दोघांचंही खरं होतं. कायद्याच्या पुस्तकात साहेबांचं खरं आणि भेंडीच्या वाफ्यात काकीचं खरं.

मी तिला म्हटलं, "काकी, यंदा आपण परत लावू, मी रोपं आणून देतो." ती म्हणाली, "औंदा मी कायएक लावचंय नाय. कोणासाठी लावू? डुकरांसाठी?" आणि कुदळ नेऊन तिने माळ्यावर ठेवली.

वाचकहो, हे वाक्य हल्ली आमच्याकडे घरोघर ऐकू येतं. वणवा लागावा तसं ते पसरत चाललं आहे. एक परसू पडीक पडलं की तिथे रान माजतं, रानात डुकरांना दिवसा दडायला जागा मिळते आणि शेजारचं परसू त्यांच्या चार पावलांवर येतं. मग तो शेजारी कुंपण घालतो, नाही तर कुदळ माळ्यावर ठेवतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने भिंत बांधायची, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने सगळ्या गावाची डुकरं पोसायची. याला तुम्ही शेतीसंरक्षण म्हणता? आमच्या गावात याला दुसरा शब्द आहे, पण तो छापत नाहीत.

इथे दोन वकील मध्ये उठतात. पहिले प्राणिमित्र. हे बहुधा सातव्या मजल्यावर राहतात. ते म्हणतात, "अहो, तुम्हीच त्यांच्या जंगलात घुसलात." माझे पणजोबा या घरात जन्मले. समोरचा फणस त्यांच्या वडलांनी लावला. जिथे आज डुकरं राहतात तिथे माझ्या लहानपणी भात आणि नाचणी पिकत होती, आणि आम्ही राखणीला मांगरात झोपायचो. जंगलात मी घुसलो नाही, जंगल माझ्या चुलत्यांच्या पडीक मळ्यांतून चालत माझ्या न्हाणीपर्यंत आलं. डोंगर बोडके करणाऱ्यांना, खाणी खणणाऱ्यांना हे वाक्य जरूर ऐकवा. काकीला नको.

दुसरे वकील बंदूकवाले. "घाला गोळ्या!" आमच्या जिल्ह्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका पुष्कळ आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि आचारसंहितेचा पहिला फायदा डुकरांना मिळतो. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीवाचून शिकार बंद आहे, आणि ती असावी. नाही तर आज डुकरावर उठलेली नळी उद्या भेकरावर आणि परवा जत्रेत उठते. परवानगी मिळाली म्हणूनही प्रश्न सुटत नाही. २०१६ साली हिमाचलात सिमला शहराच्या हद्दीतल्या लाल माकडांना सरकारने 'उपद्रवी' ठरवून मारायची मुभा दिली. पण हनुमानाच्या वंशजावर बंदूक धरणार कोण? सिमल्यात काय आणि मालवणात काय, शनिवारी मारुतीला तेल घालणारा हात रविवारी चाप ओढत नाही.

आणि काही लोक चोरून जे कुंपण घालतात, त्याबद्दल मात्र मला थट्टा सुचत नाही. डुकराच्या वाटेवर तारेचं फासकं लावतात, किंवा घरातल्या मीटरची वीज सरळ तारेत सोडतात. फासक्याला नावं वाचता येत नाहीत. डुकरासाठी लावलेल्या फासक्यात बिबटा सापडतो, आणि रात्रभर तडफडतो. डुकराची पिल्लं कमी करणारा आमच्या रानातला एकमेव बिनपगारी नोकर हाच. त्याला मारून आपण डुकरांची सोय करतो. सोडलेल्या विजेने तर माणसं मेली आहेत : पहाटे पाणी लावायला निघालेली, गुरं शोधायला गेलेली, कधी ती तार ओढणारा स्वतःच. कायद्यात दोन्ही गुन्हे आहेत. कायदा नसता तरी ते पाप होतं. कुंपणाच्या वेडाचं शेवटचं टोक हे असं आहे, म्हणून त्याच्या पहिल्या टोकालाच मी आडवा पडतो आहे.

मग भरपाई घ्या, असं शहाणे लोक सांगतात. सरकारी भरपाई आहे, डुकराने खाल्ल्याची आहे, माकडाने खाल्ल्याचीही आहे. मी एका कचेरीत जाऊन आलो. सात-बारा दाखवा, म्हणाले. आमच्या सात-बारावर सव्वीस नावं आहेत. त्यांतले अकरा स्वर्गात, नऊ मुंबईत, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. या सगळ्यांची संमती घेऊन भेंडीच्या सोळा झाडांचा पंचनामा करायचा तर त्या आधी डुकरांचा वंशवृक्ष पुरा होईल. मोठ्या बागायतीला हा दरवाजा उघडतो. परसवाला मात्र त्याच्या कुंपणाबाहेरच राहतो.

"मग तुमचं म्हणणं तरी काय?" म्हणाल. ऐका. आमच्या पूर्वजांकडेही कुंपण होतं. त्याला मालवणीत वय म्हणतात. शेर, मोगली एरंड, निर्गुडी, मधूनमधून कांट्या, आणि जायला-यायला बांबूचा बेडा. ही वय रानडुकराने ठरवलं तर एका धडकेत मोडेल अशी होती. तरी परसू राखलं जायचं, कारण वयीच्या आत माणसं होती. सकाळी सहाला कोणी तरी चूल पेटवायचं, कोणी माडाखाली झावळ गोळा करायचं, पोरं आंब्याखाली हुंदडायची, कुत्रे भुंकायचे, रात्री मांगरात कोणी तरी पत्र्याचा डबा बडवायचं. दर वर्षी सगळी वाडी मिळून वय घालायची, आणि आपली घातली पण शेजाऱ्याची राहिली तर त्याच्याकडेही हात लावायला जायची. धर्म म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. शेजाऱ्याच्या वयीतलं भोक हे आपल्याच वयीतलं भोक असतं, हे त्यांना ठाऊक होतं. वाडीच्या वेशीवर राखणदार होता. त्याला वर्षातून एकदा राखण दिली की तो सबंध वाडी राखायचा. कोणाचं एकट्याचं घर राखण्याचं काम राखणदाराने कधी घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

आचऱ्याला गावपळणीची रीत आहे. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो, तीन दिवस रानात मुक्काम करतो आणि पुन्हा कौल घेऊन घरी परततो. बाकीच्या कोकणाने ही रीत उचलली, फक्त परत येण्याचा भाग विसरला. घरं बंद, मळे पडीक, माडाखाली पडलेले नारळ उचलायला कोणी नाही. अशा गावात डुकरं-केलडी आली नाहीत तरच नवल. आपण उठलेल्या पाटावर ती येऊन बसली, इतकंच. वर आपले पाहुणे गाडी थांबवून त्यांना वेफर्स देतात आणि फोटो काढतात. तेच केलडं दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन वेफर्स कुठे आहेत म्हणून विचारतं.

म्हणून माझं मागणं असं. कुंपण घालायचंच तर वाडीला घाला, घराला नको. सौर तार ओढायची तर अकरा घरांभोवती एक ओढा. माप कमी भरतं, खर्च वाटला जातो, आणि गवत काढायची पाळी अकरा दिवसांनी एकदा येते. अनुदान द्यायचं तर ते एकट्या अर्जदाराला न देता वाडीला द्या, म्हणजे सात-बारावरचे न बोलणारे दोघे निदान तारेपुरते बोलतील. डुकरांची जुनी वाट, व्हाळ, पाणंद यांवर भिंत बांधायला ग्रामसभेला विचारल्याशिवाय परवानगी देऊ नका. बंद घरवाल्यांनी मुंबईहून वर्षातून एकदा रान सफाईचे पैसे धाडावेत. गणपतीच्या मखरावर खर्च होतो त्याच्या निम्म्यात होईल. माकडांचा प्रश्न तारेने सुटत नाही, त्यासाठी नसबंदीसारखं दमाचं काम सरकारनेच करायला हवं. ते एका परसाचं काम नव्हे. आणि तोवर भेंडीच्या सोळा झाडांची भरपाई सव्वीस सह्यांवाचून मिळू द्या.

मेहुण्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भावोजी, हे होणं कठीण आहे. माणसं एकत्र येत नाहीत." मी म्हटलं, "डुकरं येतात." त्यावर तो आंबा चोखत राहिला.

तेव्हा उरला देव. येत्या जत्रेत वाडीतर्फे गाऱ्हाणं घालायचं ठरलं, तर मजकूर मी तयार ठेवला आहे. 'बा देवा म्हाराजा, वेशीवरच्या राखणदारा! ज्यांनी आपल्यापुरता कुंपाण घातला, त्यांका चार माणसांत बसान इचार करूची बुद्धी दी. जी घरां बंद आसत, त्यांची दारां उघड. काकीची कुदळ माळ्यावरसून खाली येऊ दी. आणि ही डुकरां, ही केलडी, ह्येंका दुसऱ्या गावात धाड...' नको. हे शेवटचं मी खोडून टाकलं आहे. थंय पण कोणाची तरी काकी आसतली, म्हाराजा!

व्हय म्हाराजा.